हलका बूट, पण किती हलका? आल्प्समधल्या सोप्या हिमशिखरांसाठी बूट निवडताना

नोकरीनिमित्त म्युनिक, झुरिच किंवा स्टुटगार्टला गेलेली आपली मंडळी एक-दोन उन्हाळ्यांत आल्प्सकडे वळतातच. राजगड-तोरणा, हरिश्चंद्रगड, कळसूबाई असं बरंच काही पालथं घालून झालेलं असतं, पायांत ताकद असते आणि आता समोर बर्फाचे डोंगर दिसत असतात. मग कधीतरी फोन येतो : "यंदा चार हजार मीटरचं एखादं सोपं शिखर करायचंय. बूट कुठले घेऊ? हलके हवेत."

हलके हवेत हे अगदी रास्त आहे. पण बूट हलका होतो तो त्यातून काहीतरी काढून टाकल्यामुळे. कधी चामड्याची जाडी कमी केलेली असते, कधी तळातली ताठ पट्टी, कधी आतलं उबदार अस्तर, तर कधी नुसता टिकाऊपणा. दुकानातल्या चिठ्ठीवर ग्रॅम लिहिलेले असतात, काय काढलं ते लिहिलेलं नसतं. ते आपल्याला ओळखता आलं पाहिजे, आणि आपल्या वाटेवर नेमकी तीच गोष्ट लागणार होती का, हेही सांगता आलं पाहिजे.

हवेत बोलण्यापेक्षा एक शिखर समोर ठेवू. इटलीतल्या आओस्ता खोऱ्याच्या दक्षिणेला ग्रान पारादिसो उभा आहे, उंची ४,०६१ मीटर. संपूर्णपणे इटलीच्या हद्दीत असलेलं हे सर्वांत उंच शिखर. १८६० साली पहिल्यांदा चढलं गेलं. पहिल्या दिवशी वाल्सावारांश खोऱ्यातल्या पाँ या वस्तीपासून, म्हणजे साधारण १,९६० मीटरपासून, चांगल्या पायवाटेने दोन-अडीच तासांत सुमारे २,७३० मीटरवरच्या हटवर, म्हणजे गिर्यारोहकांच्या मुक्कामाच्या डोंगरातल्या घरात, पोहोचायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास डोक्याला दिवा लावून निघायचं. आधी मोठमोठे धोंडे आणि मोरेन, म्हणजे हिमनदीने मागे टाकलेला दगडगोट्यांचा पसारा. मग हिमनदीने घासून गुळगुळीत केलेले कातळ. त्यापुढे खुद्द हिमनदी. तिथे क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे धातूचे दात, चढवायचे आणि एकमेकांना दोर बांधायचा. वर 'गाढवाची पाठ' नावाची सोंड लागते, आणि शेवटी माथ्याजवळच्या मेरीमातेच्या पुतळ्यापर्यंत अरुंद खडकाळ धार. तिथून उतरायचं ते बहुतेक लोक त्याच दिवशी थेट पाँपर्यंत उतरतात. म्हणजे २,१०० मीटरची उतराई, दुपारच्या भुसभुशीत बर्फातून आणि मग दगडांतून.

एका दिवसात एकाच बुटाला किती वेगवेगळी कामं करावी लागतात बघा. पायवाटेवर तो चालायला सोपा हवा, धोंड्यांवर त्याने घोटा सांभाळायला हवा, कातळावर पकड हवी, पहाटेच्या दगडासारख्या बर्फावर क्रॅम्पॉन घट्ट धरून ठेवायला हवा, आणि उतरताना अंगठ्याचं नख वाचवायला हवं. यातलं प्रत्येक काम दुसऱ्याच्या विरोधात जातं. हलका गिर्यारोहण बूट ही त्यातली तडजोड आहे, आणि आजच्या घडीला ती खरोखर चांगली जमलेली तडजोड आहे.

'सोपी वाट' या शब्दाबद्दल दोन वाक्यं सांगायलाच हवीत. आल्प्समध्ये वाटांना फ्रेंच श्रेणी देतात : एफ म्हणजे फासिल, सोपी, पीडी म्हणजे फारशी अवघड नाही, त्यापुढे एडी आणि वर. ग्रान पारादिसोची नेहमीची वाट एफ आणि पीडी यांच्या सीमेवरची. स्वित्झर्लंडमधल्या झरमाटजवळचं ४,१६४ मीटरचं ब्राइटहॉर्न एफ. तिथे तर केबल कारने ३,८८३ मीटरपर्यंत जाता येतं. पण ही श्रेणी चढाईच्या अवघडपणाची आहे. हिमनदीतल्या भेगा एफ वाटेवरही तितक्याच खोल असतात, आणि हवा बिघडली की एफ आणि पीडी दोन्हीकडे सारखीच बिघडते.

आधी तळ, मग बाकी सगळं

सह्याद्रीत आपण ज्या बुटाला 'चांगला' म्हणतो तो वाकणारा असतो. मऊ रबराचा लवचिक तळ, चवडा कातळावर पसरून बसतो, आणि घर्षणावर आपण निभावून नेतो. ॲक्शनचे ट्रेकिंग शूज घालून लोकांनी अर्धा सह्याद्री पालथा घातला तो याच गुणावर. त्यामुळे दुकानात बूट हातात घेतला की आपण नकळत तो वाकवून बघतो, आणि वाकला नाही तर नाक मुरडतो.

बर्फावर हिशोब उलटा होतो. पहाटेच्या कडक बर्फावर घर्षण जवळपास नसतंच; बुटाची कड त्यात घुसवून आपली पायरी आपणच करायची असते. थालीपीठ उलटताना उलथनं ताठ पत्र्याचं असेल तर ते अलगद खाली शिरतं. लवलवतं असेल तर तेच वाकतं आणि थालीपीठ मोडतं. बुटाच्या कडेचं तसंच आहे. तळ वाकला की कड बर्फात शिरण्याऐवजी वर उचलली जाते आणि पाय सटकतो.

ताठ तळाचा दुसरा उपकार पोटऱ्यांवर. खडकाच्या दोन बोटं रुंद कंगोऱ्यावर उभं राहायचं असेल तर मऊ बुटात सगळा भार पायाची बोटं आणि पोटरी उचलतात. पाच मिनिटांत पोटरी थरथरायला लागते. ताठ बुटात तीच जागा फळीचं टोक टेकवल्यासारखी वाटते, भार तळातली पट्टी घेते. या पट्टीला शँक म्हणतात. जुन्या बुटांत ती पोलादी असायची. आता बहुधा नायलॉनची, काचतंतूंची किंवा कार्बनची असते. हलक्या बुटांचं निम्मं श्रेय या बदलाला द्यायला हवं, कारण इथे वजन कमी झालं तरी ताठपणा गेला नाही.

ताठपणा मोजायला ब्रिटनमध्ये एक साधी पद्धत रूढ झाली : बी-० ते बी-३. बी-० म्हणजे साधा ट्रेकिंगचा बूट, क्रॅम्पॉनसाठी नाही. बी-१ म्हणजे थोडा वाकणारा. त्यावर फक्त पट्ट्यांनी बांधायचे लवचिक क्रॅम्पॉन चालतात. बी-२ जवळपास ताठ, जोर लावला तर जेमतेम वाकेल. बी-३ अजिबात न वाकणारा, उभ्या बर्फासाठी. क्रॅम्पॉनलाही तसेच सी-१, सी-२, सी-३ असे आकडे आहेत, आणि नियम सरळ आहे : क्रॅम्पॉनचा आकडा बुटाच्या आकड्यापेक्षा मोठा असता कामा नये.

जर्मनीत राहणाऱ्यांनी इथे सावध राहावं. तिकडे माइंडल कंपनीने रुजवलेली वेगळी वर्गवारी चालते : ए, ए-बी, बी, बी-सी, सी, डी. या वर्गवारीतला 'बी' म्हणजे ब्रिटिश पद्धतीतला बी-२ नव्हे. तो साधा डोंगरवाटांचा बूट आहे. आपल्याला बघायचे ते सी आणि डी. दुकानदार 'बेडिंग्ट श्टाइगआयझनफेस्ट' म्हणाला तर त्याचा अर्थ 'क्रॅम्पॉन चालेल, पण अटीवर', आणि ती अट बहुतेक वेळा पट्ट्यांच्या लवचिक क्रॅम्पॉनची असते. नुसतं 'श्टाइगआयझनफेस्ट' म्हणाला तर बूट पुरेसा ताठ आहे.

माझं मत स्पष्ट आहे. एफ आणि पीडी वाटांसाठी, उन्हाळ्यात, बी-२ घ्यावा. बी-१ अजून हलका आणि स्वस्त असतो, आणि ब्राइटहॉर्नसारख्या मळलेल्या, सौम्य उताराच्या वाटेवर तो निभावतोही. पण ग्रान पारादिसोच्या सोंडेवर पहाटेचा बर्फ काचेसारखा झालेला असला की बी-१ आणि बी-२ मधला फरक पायाला कळतो. बी-३ घेऊ नये. तो घालून धोंड्यांतून दिवसभर चालणं ही शिक्षा आहे, आणि त्याची लागणारी जागाच या वाटांवर येत नाही.

क्रॅम्पॉन आणि बूट हे एकच यंत्र आहे

ग्रान पारादिसो ज्या आओस्ता खोऱ्याच्या प्रदेशात येतो, तिथल्याच कुर्मायर गावात आजच्या क्रॅम्पॉनची घडण झाली. १९०८ मध्ये ऑस्कर एकेनस्टाइन या इंग्रज गिर्यारोहकाने दहा दातांच्या क्रॅम्पॉनचा आराखडा केला, आणि तो लोखंडात उतरवला कुर्मायरच्या हेन्री ग्रिव्हेल या लोहाराने. पुढे १९२९ मध्ये लोराँ ग्रिव्हेलने पुढच्या बाजूला दोन आडवे दात जोडले आणि बारा दातांचा क्रॅम्पॉन तयार झाला. सोप्या वाटांवर मात्र आजही काम चालतं ते एकेनस्टाइनच्या जुन्या रीतीने : पाय सपाट ठेवायचा, खालचे सगळे दात एकदम बर्फात रुतवायचे.

पाय सपाट ठेवायचा म्हणजे उतार जितका तिरका तितका घोटा वळवावा लागतो. इथे हलक्या बुटाचा एक मोठा फायदा आहे, आणि तो ग्रॅममध्ये दिसत नाही. जाड चामड्याचा जुना बूट घोट्याला प्लास्टरसारखा जखडतो. आजच्या हलक्या बुटाचा तळ ताठ असतो, पण घोट्यापाशी तो पुढे-मागे आणि थोडा बाजूलाही वळतो. त्यामुळे क्रॅम्पॉन सपाट बसतो, आणि चालताना नडगीही घासली जात नाही. बूट निवडताना तळ ताठ आणि घोटा मोकळा हे दोन्ही एकत्र आहेत का, हे घालून, वाकून, तिरक्या फळीवर उभं राहून बघा.

क्रॅम्पॉन बसवायच्या तऱ्हा तीन. सी-१ ला पुढे-मागे प्लास्टिकची कडी असते आणि पट्ट्यांनी बांधतात. सी-२ ला पुढे तशीच कडी, पण मागे टाचेवर खटका असतो. त्यासाठी बुटाच्या टाचेला एक आडवी खाच लागते. तिला वेल्ट म्हणतात. सी-३ ला पुढेही तार असते, म्हणून चवड्याकडेही खाच लागते. हलक्या बी-२ बुटांना बहुधा फक्त मागची खाच असते, आणि आपल्या कामाला ती पुरते.

वाकणाऱ्या बुटावर ताठ क्रॅम्पॉन का नको? पावलागणिक बूट वाकतो आणि क्रॅम्पॉन वाकत नाही. मग एक तर टाचेचा खटका सुटतो, नाहीतर मधली पट्टी रोज थोडी थोडी थकत एक दिवस तुटते. दोन्ही गोष्टी उतारावरच घडतात, कारण जोर तिथेच जास्त असतो.

म्हणून बूट घ्यायला जाताना क्रॅम्पॉन सोबत न्या, किंवा दोन्ही एकाच दुकानातून घ्या. क्रॅम्पॉन बुटावर चढवा, खटका लावा, पण पट्टा बांधू नका. आता बूट उलटा धरून जोरात हलवा. क्रॅम्पॉन पडला तर ती जोडी तुमची नाही. पुढच्या कडीत आणि बुटाच्या नाकात फट राहते का, मधली दांडी तळाच्या वक्राला धरून जाते का, हेही बघा. काही बुटांचं नाक इतकं निमुळतं असतं की ठरावीक कंपनीचाच क्रॅम्पॉन त्यावर नीट बसतो. आणि ॲल्युमिनियमचे क्रॅम्पॉन घेऊ नका. वजनाला ते मोहात पाडतात, पण ग्रान पारादिसोच्या शेवटच्या खडकाळ धारेसारख्या जागी त्यांचे दात लगेच बोथट होतात.

पायातलं वजन

हलक्या बुटाचा हट्ट मुळात का, याला चांगलं कारण आहे. सॅकमधलं वजन पाठीवर स्थिर असतं. पायातलं वजन आपण प्रत्येक पावलाला उचलतो, पुढे फेकतो आणि थांबवतो. अमेरिकी लष्करासाठी झालेल्या १९६९ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात असं दिसलं की पायात बांधलेल्या वजनाला अंगावर वाहिलेल्या तेवढ्याच वजनापेक्षा साधारण चार ते सहा पट शक्ती लागते.

आता हिशोब करा. जुन्या धाटणीचा जाड चामड्याचा बूट एका पायाला साधारण ९०० ग्रॅम ते एक किलो. आजचा हलका बी-२ साधारण ६०० ते ७५०. एका पायामागे २५० ग्रॅम वाचले तर जोडीमागे अर्धा किलो, म्हणजे पाठीवरच्या दोन-तीन किलोंइतका फरक. शिखराच्या दिवशी पंधरा हजार पावलं टाकली असं धरलं, तर पावलागणिक २५० ग्रॅम म्हणजे दिवसभरात पावणेचार टन कमी उचलले. थकवा कमी म्हणजे उतरताना अडखळणं कमी, आणि गिर्यारोहणात पुष्कळसे अपघात उतरतानाच होतात. त्यामुळे हलकेपणा ही चैन मानू नये.

फक्त कुठे थांबायचं ते कळायला हवं. ५०० ग्रॅमच्या आसपासचे काही बूट दिसतात. त्यांत बाजूची रबरी पट्टी, जिला रँड म्हणतात, ती नावापुरती असते आणि वरचं कापड पातळ. मोरेनमधल्या धारदार दगडांनी आणि स्वतःच्याच क्रॅम्पॉनच्या दातांनी अशा बुटांची एक-दोन मोसमांत दशा होते. डोंगरात राहणाऱ्या, दरवर्षी नवे बूट घेणाऱ्यांसाठी ते आहेत. वर्षातून एकदा जाणाऱ्याने सगळ्या बाजूंनी चांगला रँड असलेला बूट घ्यावा, शंभर ग्रॅम जास्त गेले तरी.

हलक्या पादत्राणांचा प्रश्न नवा नाही. पूर्वी आल्प्समध्ये चालायला लोखंडी खिळे मारलेले जड बूट वापरत आणि अवघड खडक आला की पातळ तळाचे हलके जोडे घालत. १९३५ मध्ये इटलीच्या उत्तर सीमेवरच्या पुंता रासिका शिखरावर एक तुकडी वादळात सापडली आणि सहा जण गेले. अशा थंडीसाठी पायांतली पादत्राणं पुरेशी नव्हती. त्या मोहिमेत विताले ब्रामानी नावाचा मिलानचा गिर्यारोहक होता. खडकावर पकड देईल आणि बर्फातही चालेल असा एकच तळ हवा, हे त्याच्या मनाने घेतलं, आणि दोन वर्षांनी खोल खाचांचा रबरी तळ त्याने बाजारात आणला. त्याच्या नाव-आडनावाची सुरुवात जोडून झालेलं 'व्हिब्रम' हे नाव आज बहुतेक गिर्यारोहण बुटांच्या तळाशी पिवळ्या अष्टकोनात दिसतं. तो अष्टकोन दिसला की मला त्या सहा जणांची आठवण येते.

माप

सगळ्यांत चांगला बूट तुमच्या पायाला बसत नसेल तर तो वाईट बूट आहे. आणि इथे आपली एक खास अडचण आहे. चपला घालून आणि लहानपणी अनवाणी हिंडून आपल्यापैकी अनेकांचा चवडा रुंद आणि टाच त्यामानाने अरुंद असते. भारतातल्या अनवाणी चालणाऱ्यांच्या पायांवर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही रुंद चवडा ठळकपणे दिसला होता. गिर्यारोहण बुटांची मोठी परंपरा उत्तर इटलीची. ला स्पोर्तिव्हा १९२८ मध्ये फिएम्मे खोऱ्यात सुरू झाली, स्कार्पा १९३८ मध्ये आसोलोत. त्यांचे साचे वर्षानुवर्षं युरोपीय पायांवर घडले. म्हणून मित्राला एखाद्या मॉडेलने सुख दिलं यावरून आपल्यासाठी ऑनलाइन मागवू नका. काही मॉडेल रुंद साच्यातही मिळतात. दुकानात स्पष्ट विचारा.

बूट बघायला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. डोंगरात घालणार तेच लोकरी मोजे न्या, एकच जोडी. दोन जाड मोजे घालून बूट घट्ट केला तर रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गारठतो. लेस न बांधता पाय पुढे सरकवा, बोटं नाकाला टेकेपर्यंत. टाचेमागे तर्जनी जेमतेम जायला हवी. दोन बोटं गेली तर मोठा, एकही नाही तर लहान. मग टाच मागे ठोकून लेस बांधा.

ताठ तळाच्या बुटात चालताना टाच किंचित उचलली जाते, कारण तळ पायाबरोबर वाकत नाही. चालणं सोपं व्हावं म्हणून पुढचा भाग होडीच्या नाकासारखा वर वळवलेला असतो. टाच थोडीशी उचलली जाणं चालेल. ती घासत असेल तर मात्र फोड ठरलेला, आणि 'वापरून सैल होईल' यावर विश्वास ठेवू नका. चामड्याचे बूट पायाचा आकार घेतात. आजचे कृत्रिम कापडाचे हलके बूट जवळजवळ घेतच नाहीत. दुकानात जसा बसला तसाच माथ्यावर बसणार.

सगळ्यांत महत्त्वाची चाचणी उतरतीची. बऱ्याच दुकानांत तिरकी फळी असते. तिच्यावरून पाय आपटत उतरा. अंगठा पुढे टेकला तर २,१०० मीटरच्या उतराईनंतर नख काळं पडणार. युरोपीय मापात एक नंबर म्हणजे ६.६ मिलिमीटरच्या थोडं वर, अर्धा नंबर म्हणजे त्याच्या निम्मा. अंगठ्याचं नख वाचायला तेवढं पुरतं, म्हणून अर्ध्या नंबरासाठी हटून बसायला लाजू नका. अर्धा तास बूट घालून दुकानात फिरा. दुकानदाराला ते नवं नसतं.

लेस बांधण्यातही माप दडलेलं आहे. चवड्यावर लेस थोडी सैल ठेवा, पाऊल जिथे घोट्याकडे वळतं तिथे दुहेरी पीळ देऊन गाठ अडकवा, म्हणजे टाच जागेवर राहते. चढताना वरचा भाग सैल, उतरताना घट्ट. हे बारीकसं काम बहुतेक जण आळसाने टाळतात आणि बुटाला दोष देतात.

नवे बूट थेट आल्प्समध्ये नेऊ नका. पुण्यात असाल तर हिवाळ्यातल्या दोन-तीन पहाटा सिंहगडाला आतकरवाडीकडून चढा-उतरा. फोड कुठे येणार ते तिथेच कळेल. पावसाळ्यात मात्र हे करू नये. या बुटांचं रबर टिकाऊपणासाठी कडक केलेलं असतं आणि शेवाळलेल्या ओल्या कातळावर ते वाईट घसरतं.

हेच बूट हिमालयात चालतील का?

हा प्रश्न नेहमी येतो, आणि उत्तर बहुतेक वेळा नाही असं आहे. गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केलेल्यांच्या मनात जड दुहेरी बुटांची, म्हणजे आतला भाग वेगळा निघणाऱ्या बुटांची, आठवण असते, आणि आल्प्समध्ये हलक्या बुटांत धावणारे लोक बघून वाटतं की आपण उगाच ते ओझं वाहिलं. तसं नाही. आल्प्सच्या उन्हाळ्यात तुम्ही रोज रात्री हटमध्ये परतता. दारातल्या खोलीत बूट ठेवून सपाता घालता आणि सकाळपर्यंत बूट बऱ्यापैकी सुकलेले असतात. माथ्यावर पहाटे उणे पाच-दहा अंश असलं तरी सूर्य वर आला की ऊन लागतं.

हिमालयात तंबू. दिवसा घामाने आणि बर्फाने ओला झालेला बूट रात्री तंबूतच गोठतो. दुहेरी बुटाचा आतला भाग काढून झोपण्याच्या पिशवीत घेता येतो. एकेरी बुटाचं तसं करता येत नाही. शिवाय उंची वाढली की पायाच्या बोटांकडे जाणारं रक्त कमी होतं, पाणी कमी प्यायलं जातं, चाल मंदावते. हिमदंशाला एवढं पुरतं. लडाखमधलं ६,२५० मीटरचं कांग यात्से-२ किंवा तसं कुठलंही सहा हजारी शिखर असेल तर दुहेरी बूटच. मनालीजवळचं ५,२८९ मीटरचं फ्रेंडशिप शिखर जूनमध्ये, चांगल्या हवेत, अस्तर असलेल्या एकेरी बी-२ मध्ये करता येतं. पण ऊब काढून टाकलेला आल्प्सचा उन्हाळी बूट मी तिथेही नेणार नाही.

विकत, भाड्याने, आणि माळ्यावर

पहिलंच शिखर असेल तर भाड्याने घ्या. शामोनी, झरमाट यांसारख्या गावांत बूट आणि क्रॅम्पॉन जोडीने मिळतात. शक्य असेल तर एक दिवस आधी घ्या आणि गावातल्या चढावर तासभर चालून बघा. दरवर्षी जायचं नक्की झालं की विकत घ्या, आणि शक्यतो तळ बदलता येईल असा. युरोपात हे काम करणारे कारागीर आहेत. वरचा भाग शाबूत असेल तर नव्या तळावर बूट पुन्हा काही वर्षं चालतो.

ओला बूट शेकोटीजवळ किंवा हीटरवर ठेवू नका. गोंद सुटतो, चामडं तडकतं. आतला तळवा काढून, वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत ठेवा आणि बोळे दर दोन-तीन तासांनी बदला.

आता मायदेशी परत येणाऱ्यांसाठी. पुष्कळशा चांगल्या बुटांत बाहेरचं रबर आणि पाय यांच्यामध्ये पॉलीयुरेथेनचा थर असतो. पाय त्याच्यावर मऊ टेकतो आणि तो थर वर्षानुवर्षं दबत नाही. पण हवेतली वाफ त्याच्या रासायनिक साखळ्या हळूहळू तोडते. बूट वापरला काय, न वापरला काय, ही झीज चालूच राहते. बंद खोक्यात, दमट जागेत ती वाढते. मुंबई-कोकणातला पावसाळा म्हणजे या थराचा काळच. माझ्या पहिल्या जोडीचं असंच झालं. ठाण्याच्या घरात, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून सात वर्षं माळ्यावर ठेवली होती, जपून. काढली तेव्हा बाहेरून नव्यासारखी दिसत होती. हिमनदीवर पोहोचायच्या आधी, मोरेनमध्येच, डाव्या बुटाचा तळ जिभेसारखा लोंबू लागला आणि मधला थर बोटाने चुरा होत गळला. क्रॅम्पॉनच्या पट्ट्यांनी बांधून हटपर्यंत परतलो. तिघांचं शिखर माझ्यामुळे राहिलं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून बूट पिशवीत बांधू नका. कपाटाच्या वरच्या, हवेशीर कप्प्यात उघडे ठेवा, पावसाळ्यात महिन्यातून दोनदा काढून घरात घालून फिरा. पाच वर्षं उलटली की प्रत्येक मोसमाआधी मधल्या थरावर अंगठ्याचं नख दाबून बघा. नखाची खूण उमटून परत भरून आली तर ठीक. भेग पडली, पांढुरकी पूड सुटली किंवा बूट पिळल्यावर कडेला फट दिसली, तर ती जोडी डोंगरात नेऊ नका. निघायच्या महिनाभर आधी हे बघा, म्हणजे नवी जोडी घेऊन सिंहगडावर दोन फेऱ्या मारायला वेळ राहतो.